दरीकडे तोंड करून लाकडी घर बांधताय? या चुका टाळा

डिसेंबरात प्लॉट बघायचा, सोनेरी गवत आणि खाली चमकणारं धरणाचं पाणी पाहून तिथल्या तिथे टोकन द्यायचं, आणि मार्चमध्ये मोबाईलवर परदेशी केबिनचे फोटो घेऊन माझ्याकडे यायचं. मुळशीपासून महाबळेश्वरपर्यंत हा क्रम इतक्यांदा पाहिलाय की हल्ली मी आधी एवढंच विचारतो: जुलैत तिथे उभे राहिलात का?

सह्याद्रीच्या कड्यावर बघण्यासारखं बहुतेक सगळं पश्चिमेला, कोकणाच्या अंगाला. पाऊसही तिकडूनच येतो आणि दुपारचं ऊनही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत, वाऱ्यावर आडवा. आणि नेमक्या त्याच बाजूला लोकांना छपराशिवाय काच हवी असते.

निवृत्तीनंतर डोंगरावर राहायला आलेले एक काका-काकू. काकांना बैठकीतून आभाळ दिसायला हवं होतं, म्हणून वळचण, म्हणजे भिंतीबाहेर आलेलं छप्पर, अवघी नऊ इंच. मी कुरकुरलो, पण तसा आराखडा काढून दिला. चूक माझीही. पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच, भोवती सागवानी पट्ट्या, बाहेर डेक. मे महिन्यात वास्तुशांत झाली, सगळ्यांनी फोटो काढले. जूनअखेरीस काकूंचा फोन: ‘अहो, सोफ्याखाली तळं झालंय.’ सरकत्या दाराची खाच भरून पाणी उलटं आत येत होतं. आम्ही सगळे करतात तेच केलं, सिलिकॉन भरलं. पुढच्या वर्षी पुन्हा तळं. तिसऱ्या पावसाळ्यानंतर पट्ट्या काळ्या पडल्या, एक दार फुगून हलेना. एवढं करून जुलैभर काचेतून दिसत काय होतं? पांढरं धुकं.

शेवटी छप्पर पाच फूट पुढे ओढलं. नजारा गेला म्हणून काका दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी खुर्ची टाकून बसले तर दरी होती तिथेच. दरी खाली असते हो! बसलेला माणूस समोर आणि खाली बघतो. छपराने झाकलं जातं ते डोळ्यांवर येणारं वरचं आभाळ. कोकणातल्या घरांची पडवी आणि पावसाळ्यात बांधायची झावळ्यांची झापं ही काही गरिबीची सोय नव्हती. आता मी सरकत्या लाकडी झडपा लावतो, ती झापंच. आणि जोतं झालं की मालकांना तिथे खुर्चीत बसवून, वळचण येणार त्या उंचीवर आडवा बांबू धरून दाखवतो. थ्रीडी चित्रापेक्षा यावर लवकर एकमत होतं.

दुसरा माझा राग खांबाच्या बुडावर. ‘मजबुतीसाठी’ लाकडी खांब काँक्रीटमध्ये गाडणारे ठेकेदार अजून आहेत. लाकूड अंगाने पाणी कमी पितं, कापलेल्या टोकातून मात्र भराभर ओढतं. गाडलेलं टोक ओलं राहतं, कुजतं, मागून वाळवी येते, आणि वरून खांब छान तुकतुकीत. वाड्यांत खांबाखाली दगडी तळखडा असायचा तो याचसाठी. मी गॅल्व्हनाइज्ड बूट, म्हणजे खांबाचं बूड धरणारी जस्त चढवलेली लोखंडी बैठक, वापरून खांब फरशीपासून दोन इंच वर ठेवतो. त्या फटीमुळे वाळवीची मातीची वाट चढू लागली की लगेच दिसते. ती फट ‘बरी दिसत नाही’ म्हणून सिमेंटने बुजवणाऱ्यांना मी पुढची हमी देत नाही.

बाकीच्या चुका एका दमात. न सुकवलेलं लाकूड घाईने लावू नका. पहिल्या उन्हाळ्यात पीळ पडतो. सागवानाचा पांढरा भाग स्वस्त मिळतो, कारण वाळवीलाही तोच आवडतो. बाहेर चकचकीत पॉलिश नको, ते पापुद्र्यांनी सुटतं. तेल लावा, दर दिवाळीनंतर. सागवानात लोखंडी खिळे म्हणजे काळे ओघळ, स्टेनलेसच घ्या. डेकच्या फळ्यांत पाच-सहा मिलिमीटर फट सोडा.

आणि आर्किटेक्टच्या आधी जेसीबी बोलावू नका. 1:5 वा त्याहून तीव्र उतारावर आपल्याकडे सर्वसाधारणपणे बांधकामाला परवानगीच नाही, आणि माळीण-तळियेच्या दरडींनंतर हे सांगावं लागू नये. उतार परवानगीतला असला तरी घर पायऱ्यांनी उतरवा, डोंगर कापून मैदान करू नका. कापावंच लागलं तर संरक्षक भिंतीला पाणी जायला भोकं आणि मागे खडी हवीच. अशा भिंती बऱ्याचदा मागे तुंबलेल्या पाण्याने ढकलल्या जातात.

त्या काका-काकूंकडे मी अजून दर ऑक्टोबरला जातो. स्क्रूड्रायव्हरने एकेका खांबाचं बूड टोचून बघतो. काकू तोवर चहा टाकतात.