हॅरिस काउंटीत राहताय? पूर, वादळ आणि गारठ्याच्या तयारीतल्या या चुका टाळा

हॅरिस काउंटी म्हणजे टेक्ससमधलं ह्युस्टन आणि आजूबाजूचा परिसर. ह्युस्टनला नवीन आलेल्या आपल्या लोकांशी घराबद्दल बोलताना एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आमचं घर फ्लड झोनमध्ये नाहीये." आणि मग पुढे कोणी काही विचारत नाही, इन्शुरन्स नाही, तयारी नाही, काहीच नाही. माझ्या मते इथली सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये हार्वे वादळ आलं तेव्हा हॅरिस काउंटीत दीड लाखाच्या वर घरांत पाणी शिरलं, आणि त्यातली निम्म्याहून जास्त घरं फ्लड झोनच्या सरकारी नकाशावरच्या "शंभर वर्षांच्या पुराच्या" हद्दीबाहेर होती. मुळात हे नावच लोकांना फसवतं. शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर असा त्याचा अर्थ नाही, दरवर्षी १ टक्का शक्यता असा आहे, आणि तीस वर्षांचं लोन धरलं तर ती शक्यता २६ टक्क्यांवर जाते, म्हणजे त्या हद्दीतल्या चार घरांपैकी एकाला लोन फिटायच्या आत पाणी बघायला लागू शकतं. हद्दीबाहेर शक्यता कमी होते, शून्य होत नाही. त्यात जमीन सपाट, खाली चिकणमाती, वर सगळीकडे काँक्रीट. बायू, म्हणजे इथले संथ ओढे-नद्या, फुगून बाहेर येण्याआधीच नुसता पाऊस इतका जोरात पडतो की गटारं घेऊ शकत नाहीत, आणि हे पाणी झोन बघून येत नाही.

म्हणून झोन बघाच, पण तिथे थांबू नका. आपल्या घराचं पाणी कुठल्या बायूत जातं ते शोधा. ब्रेज, बफेलो, व्हाइट ओक, ग्रीन्स, सिम्स, हॉल्स, प्रत्येकाचं वागणं वेगळं. टीव्हीवर "ह्युस्टनमध्ये पाऊस" म्हणतात त्याला फारसा अर्थ नसतो, काउंटी एवढी मोठी आहे की एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला रस्ते पाण्याखाली असं होतं. काउंटीच्या फ्लड वॉर्निंग सिस्टिमच्या वेबसाइटवर बायूंवरच्या गेजचे (पाणी मोजणाऱ्या यंत्रांचे) आकडे लाइव्ह दिसतात, किती इंच पाऊस पडला, पाणी काठापासून किती खाली आहे, सगळं. आपल्या जवळचा गेज आत्ताच बुकमार्क करून ठेवा, आणि साध्या पावसातही दोनचार वेळा उघडून बघा म्हणजे नेहमीची पातळी कळते आणि मग ऐन वेळी आकडा बघून घाबरायचं का नाही ते तुमचं तुम्हाला समजतं. काउंटीचे रेडीहॅरिस अलर्टही फोनवर सुरू करा.

आता पश्चिमेकडचं, कारण केटी या उपनगराकडे आपले खूप लोक राहतात आणि हे कोणी सांगत नाही. अॅडिक्स आणि बार्कर ही तिथली दोन धरणं. १९२९ आणि १९३५ च्या पुरांनंतर शहर वाचवायला आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सने १९४० च्या दशकात बांधली. पण ती एरवी कोरडी असतात. आत पार्क आहेत, खेळाची मैदानं आहेत, लोक रविवारी सायकली चालवतात, त्यामुळे आपण धरणाच्या पोटाला लागून राहतो हे लक्षातच येत नाही. धरण पूर्ण भरलं तर पाणी जिथपर्यंत पसरू शकतं तेवढी सगळी जमीन सरकारने घेतलेलीच नव्हती, आणि त्या उरलेल्या जमिनीवर नंतर सोसायट्या उभ्या राहिल्या. हार्वेत पाणी चढत चढत त्या घरांत शिरलं. मग धरणावर ताण नको म्हणून २८ ऑगस्टला विसर्ग सुरू केला, तर खाली बफेलो बायूच्या काठची घरं बुडाली, आणि काही भागांत पाऊस थांबल्यावरही कितीतरी दिवस पाणी हललं नाही. कोल्हापूर-सांगलीच्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. तुमच्या गावात पाऊस नसला तरी धरणातून सोडलेलं पाणी येतंच.

त्यामुळे घर घेताना एजंटच्या "इथे कधी पाणी आलं नाही" वर जाऊ नका. २०१९ पासून टेक्ससमध्ये घर विकणाऱ्याला डिस्क्लोजर फॉर्मवर लिहून द्यायला लागतं की आधी पाणी आलं होतं का, आणि घर धरणाच्या फ्लड पूलमध्ये, म्हणजे धरण भरल्यावर पाणी पसरतं त्या जागेत, आहे का. तो कागद मागा आणि नीट वाचा. भाड्याने राहणाऱ्यांसाठी २०२२ पासून तसाच नियम आहे, गेल्या पाच वर्षांत पाणी शिरलं असेल तर घरमालकाला लेखी सांगावं लागतं.

दुसरी मोठी चूक म्हणजे वादळाची कॅटेगरी बघून निर्णय घेणं. "अरे कॅटेगरी वनच आहे ना" असं म्हणतात. कॅटेगरी फक्त वाऱ्याचा वेग सांगते, पावसाचं काहीच सांगत नाही! हार्वे किनाऱ्यावर आलं कॅटेगरी चार म्हणून, पण ह्युस्टनला बुडवलं तेव्हा ते साधं ट्रॉपिकल स्टॉर्म होतं. काउंटीच्या पूर्व टोकाला सीडर बायूला सुमारे ५२ इंच पाऊस पडला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता, हा काही दिवसांत मिळून १,३०० च्या वर. २००१ चं अॅलिसन तर कधी हरिकेन झालंच नाही, तरी टेक्सस मेडिकल सेंटर या हॉस्पिटलांच्या परिसरातली तळघरं भरली. आणि २०२४ च्या जुलैमधलं बेरिल, कॅटेगरी एक, त्यात २२ लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली, भर उन्हाळ्यात, कित्येकांची आठवडाभर.

आणि उलटी चूकही होते, घाबरून सगळे एकदम गाडीत बसतात. २००५ मध्ये रिटा वादळाच्या वेळी लाखो लोक एकाच वेळी निघाले, हायवेवर तासन् तास गाड्या अडकल्या, उन्हात माणसं गेली, आणि शेवटी खुद्द वादळापेक्षा जास्त मृत्यू या बाहेर पडण्याच्या गडबडीत झाले. म्हणून किनाऱ्याजवळच्या भागांना झिप कोडनुसार झोन दिलेत. समुद्राच्या लाटेचा धोका असलेल्यांनी आधी निघायचं, बाकीच्यांनी सांगितलं नाही तर घरीच थांबायचं. तुमचा झिप त्यात येतो का ते बघून ठेवा.

मुंबईच्या पावसात वाढलेल्यांना एक कळकळीने सांगायचंय. तिथे आपण कंबरभर पाण्यातून चालत घरी जायचो, इथे लोक गाडी घालतात. इथले बरेच रस्ते पाऊस जास्त झाला की पाणी साठवून ठेवतील असेच बांधलेत, म्हणजे घर वाचावं म्हणून रस्ता भरतो. फूटभर वाहतं पाणी छोटी गाडी हलवतं, दोन फुटांत एसयूव्हीसुद्धा जाते, आणि रात्री अंडरपासमध्ये किती पाणी आहे ते दिसत नाही. हार्वेत अनेकांचा जीव गाडीतच गेला. ऑफिस, मीटिंग, एअरपोर्ट, काहीही असो, मागे फिरा.

इन्शुरन्सचं थोडक्यात. घराच्या नेहमीच्या पॉलिसीत पूर नसतो, वेगळी घ्यावी लागते. सरकारी फ्लड पॉलिसी घेतल्यावर सहसा ३० दिवसांनी लागू होते, त्यामुळे वादळ गल्फमध्ये (मेक्सिकोच्या आखातात) दिसल्यावर फोन करून उपयोग नाही, वादळांचा सीझन १ जूनला सुरू होतो तर एप्रिलमध्येच उरका. घरासाठी कमाल अडीच लाख डॉलर, सामानासाठी एक लाख. भाडेकरूंनाही फक्त सामानाची मिळते. आणि स्टुडंट मुलांनो, तुमच्या गाडीला फक्त लायबिलिटी (दुसऱ्याच्या नुकसानीचा इन्शुरन्स) असेल तर पार्किंगमध्ये बुडलेल्या गाडीचा एक रुपया मिळणार नाही, त्याला पुरासारखं नुकसानही भरून देणारं कॉम्प्रिहेन्सिव्ह लागतं. हार्वेत युनिव्हर्सिटी ऑफ ह्युस्टनची सुमारे दोनशे भारतीय मुलं पाण्यात अडकल्याचं सुषमा स्वराजांनी ट्वीट केलं होतं, ते आठवत असेल. ग्राउंड फ्लोअरला राहत असाल तर वरच्या मजल्यावर कोणाकडे जायचं ते आत्ताच बोलून ठेवा. पासपोर्ट, आय-२० (स्टुडंट व्हिसाचा) किंवा एच-वन (नोकरीच्या व्हिसाचे) कागद वॉटरप्रूफ पिशवीत, आणि फोटो काढून क्लाउडवर.

थंडीला "इथे कुठली थंडी" म्हणून सोडून देतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये पारा १३ फॅरनहाइटपर्यंत खाली गेला, राज्यात लाखो घरांची वीज गेली, पाइप फुटले. घराचा मेन वॉटर व्हॉल्व्ह कुठे आहे ते घरातल्या प्रत्येकाला माहीत पाहिजे, अगदी आईबाबा आले असतील तर त्यांनाही. आणि त्या थंडीत काही लोक गारठ्याने नाही तर कार्बन मोनॉक्साइडने गेले, कारण घरात कोळसा पेटवला किंवा गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून त्यात बसले. त्याला वास नसतो, झोप येते आणि माणूस उठत नाही. गॅरेजचं दार उघडं ठेवून गाडी चालू ठेवली तरी ते सुरक्षित नाही. जनरेटर घरापासून कमीत कमी वीस फूट लांब, खिडक्यांपासून दूर, आणि बॅटरीवरचा डिटेक्टर घरात हवाच.

भारतातून आलेल्या आईवडिलांची औषधं दोन आठवड्यांची जास्त ठेवा. इन्सुलिन असेल तर वीज गेल्यावर ते थंड कसं ठेवणार ते आधी ठरवा, बेरिलच्या उन्हात फ्रिजचा काहीच भरवसा नव्हता. माणशी रोज एक गॅलन पाणी, निदान तीन दिवसांचं.

पाणी ओसरल्यावर घाईने सगळं बाहेर फेकू नका, आधी प्रत्येक खोलीचे, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचे फोटो काढा. मग मात्र थांबू नका, ओलं शीटरॉक (भिंतींचं जिप्समचं शीट) आणि कार्पेट एकदोन दिवसांतच बुरशी धरतं. फेमाची (आपत्तीत मदत करणारी केंद्र सरकारची संस्था) रोख मदत एच-वन किंवा स्टुडंट व्हिसावाल्यांना सहसा मिळत नाही, पण घरात अमेरिकन नागरिक असलेलं लहान मूल असेल तर त्याच्या नावाने पालकांना अर्ज करता येतो, हे माहीत नसल्याने लोक अर्जच करत नाहीत. नियम त्या वेळी तपासा, आणि नकार आला तर अपील करा.