सायलेन्सरचा पाइप निघत नाही? या चुका टाळा

कोकणातली गाडी, चार-पाच पावसाळे खाल्लेली. सायलेन्सर बदलायचा म्हणून क्लॅम्प काढला, पाइप ओढला, तर तो ढिम्म. मग मी घेतली हातोडी. आडवे घाव घातले, सायलेन्सर सुटलाही, पण पुढचा पाइप अंडाकृती झाला आणि नवा सायलेन्सर त्यावर चढेना.

पाइप कशानं धरलाय, हे मी बघितलंच नव्हतं. दोष एकट्या गंजाचा नसतो. यू-क्लॅम्प आवळताना बाहेरचा पाइप आतल्यात दाबला जातो, दोन्हींना मिळून एक खळगा पडतो. क्लॅम्प निघाला तरी तो खळगा सोडत नाही. बोट फिरवलं की कळतं.

दुसरी चूक घाईची. गंज सोडवणारा स्प्रे मारून पाच मिनिटांत ओढाओढ. थंड पाइपवर, सांध्याच्या फटीत मारा, रात्रभर मुरू द्या, सकाळी परत मारा. मग सरळ ओढू नका, डावी-उजवीकडे पिळा. गंजाची पकड पिळण्यानं आधी सुटते. आणि हिसडे तर नकोच: पुढची जाळीदार लवचिक नळी फाटते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरजवळ (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) हातोडीही नको, आतली सिरॅमिकची वीट तडकते आणि ती फार महाग पडते.

तापवायचा तर फक्त बाहेरचा पाइप, आणि भराभर. 50 मिलिमीटरचा पोलादी पाइप 300 अंशांनी तापला तर व्यास जेमतेम 0.18 मिलिमीटर वाढतो. एवढीशी फट, पण पुरते. सावकाश तापवलात तर आतलाही फुगतो, मेहनत वाया. आधी स्प्रे पुसून घ्या, सायलेन्सर लटकवणारे रबर काढा. पेट्रोलची टाकी किंवा नळी जवळ असेल तर ज्वाळा आणूच नका, गॅरेजला न्या.

बाहेरचा पाइप फेकायचाच असेल तर सोपं: ग्राइंडरनं त्याला लांबीत चीर पाडा, पण आरपार नाही. शेवटचा पापुद्रा छिन्नीनं उकला. आतल्या पाइपवर खाच पडली तर नवा सांधा तिथूनच गळेल. (गाडी नुसत्या जॅकवर असेल तर खाली जाऊच नका, स्टँड लावा.)

नवा बसवताना तांब्याचं ग्रीस लावा. मग उघड्यावर इंजिन सुरू करून सांध्याजवळ कान द्या. फटफट आवाज आला तर इंजिन बंद करा, पाइप थंड झाल्यावर क्लॅम्प सैल करून थोडा सरकवा.