व्हर्च्युअल डिस्कला सीरियल नंबर कुठून द्यायचा?

स्टोरेज ड्रायव्हरमध्ये सीरियल नंबरचं काम बहुतेक वेळा शेवटी, घाईघाईत उरकलं जातं. एक ग्लोबल काउंटर, प्रोब झाला (म्हणजे ड्रायव्हरला डिस्क सापडून ती जोडली गेली) की वाढवायचा, संपलं. रिव्ह्यूला असा कोड आला की मी तो सरळ परत पाठवतो. रीबूटनंतर काउंटर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो आणि डिस्क त्याच क्रमाने सापडतील याची हमी नसते. लिनक्समध्ये डिव्हाइसना नावं देणारा यूडेव्ह 'बाय-आयडी'च्या लिंका, म्हणजे डिस्कची टिकाऊ नावं, याच नंबरावरून बनवतो. म्हणजे कालची लिंक आज भलत्याच डिस्ककडे बोट दाखवणार. प्रोबमध्ये दर वेळी रँडम नंबर काढणं हाही त्यातलाच प्रकार.

नंबर काढायचा तो व्हॉल्यूम (व्हर्च्युअल डिस्कमागची साठवण) तयार करताना, एकदाच. तो व्हॉल्यूमच्या मेटाडेटात, म्हणजे त्याच्यासोबत साठवलेल्या माहितीत, लिहा आणि प्रोबमध्ये फक्त वाचा. मेटाडेटात सापडला नाही तर रिकामा जाऊ द्या, तिथल्या तिथे नवा बनवू नका.

खरी गोम क्लोनमध्ये आहे. व्हॉल्यूमची मेटाडेटासकट कॉपी केली की नंबरही जसाच्या तसा येतो. स्कझी प्रोटोकॉलमध्ये डिस्क आपली ओळख ८३ हेक्स क्रमांकाच्या पानावर सांगते; ती ओळख तुम्ही सीरियलवरूनच बनवत असाल, तर मल्टिपाथला (एका डिस्ककडे जाणारे अनेक रस्ते एकत्र करणाऱ्या व्यवस्थेला) वाटतं की एकाच डिस्कचे हे दोन रस्ते आहेत. मग काही राइट इकडे, काही तिकडे, आणि दोन्ही डिस्कवरच्या डेटाची वाट. म्हणून क्लोन कमांडने नवा नंबर लिहिलाच पाहिजे. नंबर नसलेला एक वेळ चालेल, दुबार नको.

सीरियलच्या लांबीचं म्हणाल तर एटीए, एनव्हीएमई, व्हर्टआयओ-ब्लॉक, या डिस्क जोडण्याच्या तिन्ही पद्धतींत २० बाइट. ३६ अक्षरी यूयूआयडी (सगळीकडे वेगळा राहील असा ओळख क्रमांक) त्यात मावत नाही, आणि तो कापण्यात अर्थ नाही. ६४ बिटांचा रँडम आकडा हेक्समध्ये १६ अक्षरांत बसतो. मी तोच वापरतो. एटीए आणि एनव्हीएमईत उरलेली जागा स्पेसने भरायची, शून्य बाइटने नाही. एटीएत शिवाय प्रत्येक वर्डमधले (म्हणजे बाइटांच्या जोडीतले) दोन बाइट उलटतात: १२३४ लिहायचं तर २१४३ असं ठेवावं लागतं. व्हर्टआयओत २० अक्षरं पूर्ण भरली तर शेवटी शून्य येत नाही, तेव्हा वाचणाऱ्या बाजूला २१ बाइटांचा बफर घ्या आणि शेवटचा बाइट स्वतः शून्य करा.

तपासायला दोन डिस्क जोडा, जोडण्याचा क्रम उलटा करून रीबूट करा आणि डिस्कची यादी दाखवणाऱ्या एलएसबीएलके कमांडचा सीरियल कॉलम बघा. मग एकीचा क्लोन काढून तोही शेजारी लावा.