माळ्याखालचा फ्यूजबोर्ड हाताशी आणताना

जुन्या घरांत फ्यूजचा बोर्ड छताजवळ असतो, कारण खांबावरची सर्व्हिस वायर वरूनच घरात यायची. मेन तिथंच ठोकायचा आणि पोरांचा हात पोचू नये एवढंच बघायचं. पुढं त्याच्या खाली कपाट आलं, वर माळा झाला. मी कोल्हापुरात वायरिंगची कामं करतो आणि पेठांतल्या घरांत असे बोर्ड अजून सापडतात. फ्यूज उडाला की घरातली आजी स्टुलावर चढते, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातानं चिनीमातीचं किटकॅट, म्हणजे फ्यूजची तार धरणारा तुकडा, ओढते.

बोर्ड खाली आणता येतो. जोडणी मात्र परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. तुमचं काम जागा ठरवायचं, सर्किटं शोधायचं आणि वायरमन घाई करायला लागला की त्याला अडवायचं.

मीटर आणि बोर्ड यांत घोळ करू नका. मीटर आणि खांबावरून मीटरपर्यंत येणारी वायर महावितरणची. तिथलं सील कुणीही तोडायचं नाही, विद्युत कायदा 2003 खाली तो गुन्हा आहे. मीटरच हलवायचं असेल तर महावितरणकडे रीतसर अर्ज करा. मीटरच्या पुढचा बोर्ड तुमचा, तो कुठंही न्या. फक्त घरातला मेन पाडला तरी मीटरकडून मेनपर्यंत येणारी वायर जिवंतच असते, हे विसरू नका. ती कुठं आणि कशी बंद करणार, हे काम सुरू करण्याआधी वायरमनकडून ऐकून घ्या. ‘चालू लाइनवरच करतो, सवय आहे’ म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

आता जागा. भारतीय मानकानुसार बोर्ड जमिनीपासून 2 मीटरच्या वर नको. मी खटके साधारण दीड मीटरवर ठेवतो, म्हणजे घरातल्या सगळ्यात बुटक्या माणसाचाही हात पोचतो. बेसिनवर, गॅसच्या शेगडीवर, बाथरूममध्ये नको. उघडं दार ज्या भिंतीवर आपटतं तीही नको. पावसाळ्यात ओल धरणारी भिंत आमच्याकडं बहुतेक घरांत एक तरी असते, ती टाळा. आणि कपाट पुढं कधी त्या भिंतीला लागणार नाही ना, हे घरातल्या बायकांना विचारा, पुरुषांना नको.

काम सुरू होण्याआधी एका सुट्टीच्या दिवशी घरातले सगळे दिवे, पंखे लावा. वायरमनला एकेक फ्यूज काढायला सांगा आणि काय काय बंद पडतं ते वहीत लिहा. प्लगमध्येही काहीतरी लावून बघा. जुन्या घरात मागच्या खोलीचा दिवा स्वयंपाकघराच्या फ्यूजवर निघतो, नवल वाटून घेऊ नका. मग प्रत्येक वायरला नंबराची पट्टी लावून घ्या.

खरी डोकेदुखी इथं येते. बोर्ड खाली गेला की जुन्या वायरी आखूड पडतात. पुष्कळ जण तांबं पिळून, वरून काळी टेप गुंडाळून जोड भिंतीत गाडतात आणि गिलावा करतात. तो जोड गरम झाला तर कळणार कसं? त्यापेक्षा जुन्या बोर्डाच्या जागी जोडपेटी ठेवा. आत स्क्रूचे कनेक्टर, वर उघडता येणारं झाकण, आणि तिथून पाइपातून नवीन वायरी खाली. माळ्यावर चढून कधीतरी जोड बघता आला पाहिजे. जुनी वायर अॅल्युमिनियमची निघाली तर तिला थेट तांबं जोडू नका, ती पूर्ण बदला. मातीची भिंत असेल तर झिरी मारायच्या भानगडीत पडू नका, अख्खा ढेकूळ सुटतो. भिंतीवरूनच पाइप, क्लिपा. दिसायला साधं, पण भिंत शाबूत.

न्यूट्रलकडं नीट बघा. जुन्या बोर्डात न्यूट्रललाही फ्यूज सापडतो. तो उडाला की दिवा विझतो, पण फेज तसाच हजर. माणूस बंद समजून हात घालतो. नव्या बोर्डात न्यूट्रल सरळ पट्टीवर जातो. आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती झाली की सप्लाय तोडणारा खटका, बसवणार असाल, बसवाच, तर त्याच्या पुढचा न्यूट्रल दुसऱ्या लाइनच्या न्यूट्रलमध्ये मिसळलेला चालत नाही. मिसळला की तो उगाच पडत राहतो, आणि वैतागून लोक तोच काढून टाकतात.

एमसीबी, म्हणजे फ्यूजच्या जागी येणारा, आपोआप पडणारा खटका, वायर बघून घ्यायचा, उपकरण बघून नाही. दिव्यांच्या दीड चौरस मिमी तांब्याला 6 किंवा 10 अँपिअर, प्लगांच्या अडीचला 16, गिझर किंवा एसीच्या चारला 20. जुनी वायर याहून बारीक असेल तर एमसीबीही लहान. अर्थिंग नळाच्या पाइपवर घेतलेलं असेल तर त्यावर विसंबू नका. तो पाइप आता रस्त्यापर्यंत प्लास्टिकचा झालेला असतो. अर्थिंगसाठी स्वतंत्र खड्डा करा.

शेवटी टीव्ही, फ्रिज, एलईडी दिवे काढून ठेवा आणि मेगर, म्हणजे वायरीचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र, लावून घ्या. 500 व्होल्टला इन्सुलेशन 1 मेगाओहमच्या वर आलं पाहिजे. कमी आलं तर सर्किटं एकेक सोडवून दोष शोधायचा, ‘वाळलं की येईल’ हे उत्तर ऐकायचं नाही. सप्लाय दिल्यावर आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का बघा, आणि दर महिन्याला बघत चला. प्रत्येक खटक्याखाली मराठीत लिहा: हॉल, देवघर, मोटर, गिझर. ठेकेदाराकडून टेस्ट रिपोर्ट घ्या, तोही पैसे द्यायच्या आधी.