जुना संगणक हळू झालाय? हात लावण्याआधी या चुका टाळा

नात्यागोत्यात एखाद्याला "संगणकातलं कळतं" असा एकदा बोभाटा झाला की त्याची सुटका नाही. कोणाकडे गेलो की पाच मिनिटांत वाक्य येतंच, "आलाच आहेस तर जरा बघ ना, फार हँग होतोय." बघायला माझी ना नाही. पण मी बघण्याआधी त्या बिचाऱ्या यंत्रावर जे प्रयोग झालेले असतात, ते निस्तरण्यातच माझा निम्मा वेळ जातो.

उठसूट फॉरमॅट मारणे

"हळू चालतोय? फॉरमॅट मारून टाक." डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकण्याचा हा सल्ला पहिल्यांदा ज्याने दिला त्याला शोधून माझ्या मावसभावासमोर बसवायला हवं. मावसभावाने एका वर्षात तीनदा फॉरमॅट मारला. प्रत्येक वेळी आठ-दहा दिवस बरे जायचे, मग पुन्हा तेच रडगाणं. तिसऱ्या खेपेनंतर फोन आला, "दादा, फोटो दिसत नाहीयेत."

"कुठे ठेवले होतेस?"

"डेस्कटॉपवर. पण मी फक्त सी पुसला रे, डी ला हातही नाही लावला!"

डेस्कटॉप हा सी ड्राइव्हमधलाच एक फोल्डर असतो. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स, सगळे तिथलेच. समोर पडद्यावर दिसतं म्हणून ते "बाहेर" आहे असं लोकांना वाटतं. त्याच्या मुलीच्या पहिल्या दोन वर्षांचे फोटो गेले होते. मी डिस्कची आधी नक्कल काढली आणि त्या नकलेवर रिकव्हरीचं सॉफ्टवेअर रात्रभर चालवलं. सकाळी काही फोटो मिळाले. नावं गायब, आणि बऱ्याच फोटोंत चेहऱ्याखाली नुसता करडा पट्टा.

खरी गंमत पुढे आहे. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर उघडलं तर डिस्कच्या तब्येतीसमोर पिवळा 'कॉशन' झळकत होता. डिस्कचे काही भाग वाचताच येत नव्हते. विंडोज ते पुन्हा पुन्हा वाचू पाहायचं, आणि तेवढा वेळ सगळं थिजून जायचं. म्हणजे मरायला टेकलेल्या डिस्कवर हा माणूस दर चार महिन्यांनी नवं विंडोज चढवत होता.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. यंत्र कोणाचंही असो, आधी सगळं बाहेरच्या डिस्कवर कॉपी. मग डिस्कची तब्येत. त्यानंतरच बाकीचं. मध्ये कोणी "अरे, ते राहू दे, आधी फास्ट कर" म्हणालं तर मी खुर्चीवरून उठतो.

न बघता रॅम आणणे

दुसरं लाडकं औषध म्हणजे रॅम, चालू कामापुरती लागणारी मेमरी. रॅम वाईट नाही. चार जीबीत वीस टॅब उघडणाऱ्याला आठ जीबीने खरंच हायसं वाटतं. पण कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडायला दहा सेकंद लागतात, तेवढे तरी द्या. रोजचं काम चालू असताना मेमरीचा रकाना नव्वदीच्या पुढे असेल तर रॅम घ्या. मेमरी पन्नास टक्के आणि डिस्क मात्र कायम शंभरावर असेल, तर रॅम बत्तीस जीबी टाकलीत तरी ढिम्म फरक पडणार नाही.

जुन्या हार्ड डिस्कमध्ये फिरणारी तबकडी असते आणि तिच्यावर हलणारा एक हात. डेटा विखुरलेला असला की प्रत्येक उडीला त्या हाताला साधारण दहा मिलीसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला जेमतेम शंभर उड्या. विंडोज सुरू होताना हजारो बारक्या फाइली वाचतं. हिशेब तुम्हीच करा. एसएसडी म्हणजे चिपवर डेटा साठवणारी डिस्क; तिच्यात हलणारं काही नसतंच, त्यामुळे साधीसुधी एसएसडीही अशा हजारो मागण्या सेकंदात उरकते. दहा वर्षं जुन्या यंत्रात मी एकच वस्तू बदलू शकत असेन, तर एसएसडीच बदलेन. "आमचा बोर्ड जुना आहे, पूर्ण स्पीड मिळणार नाही" हे बरोबर आहे, पण अर्धा स्पीड मिळाला तरी फरक पहिल्याच बूटला कळतो.

रॅम घ्यायचीच तर डीडीआर३ की डीडीआर४ ते आधी पाहा, खाच वेगळ्या जागी असते; बसत नाही म्हणून दाबू नका. विंडोज ३२ बिटचं असेल तर चार जीबीच्या वरची रॅम शोभेची.

बाकीच्या चुका, थोडक्यात

वेग वाढवतो म्हणणारे 'बूस्टर' आणि विंडोजच्या सेटिंगांची नोंदवही 'साफ' करणारे रजिस्ट्री क्लीनर: काढून टाका. नऊशे चुका सापडल्या म्हणून तो लाल अक्षरांत ओरडतो, त्या दुरुस्त करून वेग वाढलेला मी अजून पाहिलेला नाही.

दोन अँटिव्हायरस: एका दाराला दोन राखणदार, आणि दोघं एकमेकांचीच झडती घेतात. विंडोज १० मध्ये डिफेंडर हा विंडोजचाच अँटिव्हायरस असतोच.

एसएसडी डीफ्रॅग करणे, म्हणजे तिच्यावरचा विखुरलेला डेटा सलग लावणे: नको. विंडोज तिची काळजी आपण होऊन घेतं.

व्हिडिओ पाहून सर्व्हिसेस (विंडोजचे पडद्यामागे चालणारे प्रोग्राम) बंद करणे: नंतर प्रिंटर चालत नाही म्हणून मलाच फोन येतो. टास्क मॅनेजरमधल्या स्टार्टअपच्या टॅबमधले ओळखीचे प्रोग्राम बंद करा, अनोळखी नावांना हात लावू नका.

फक्त 'शट डाउन' करत राहणे: लवकर सुरू होण्यासाठीची फास्ट स्टार्टअप ही सोय चालू असेल तर शट डाउनमध्ये विंडोज पूर्ण बंद होत नाही, थोडंसं झोपतं. रोज रात्री बंद होणाऱ्या एका संगणकाचा 'अप टाइम', म्हणजे सलग चालू असल्याचा काळ, मी एकोणीस दिवस पाहिलाय. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करा.

धूळ: दहा मिनिटं बरा चालून मग मंदावतो आणि पंखा घोंघावतो, तर प्रोसेसर तापून स्वतःचा वेग कमी करतोय. वीज काढा, पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा आणि मग हवा मारा. मोकळा सोडलेला पंखा हवेने भन्नाट फिरतो आणि बेअरिंग जातं.

विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. न झेपणाऱ्या यंत्रावर आडमार्गाने विंडोज ११ चढवण्यापेक्षा मी विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स मिंट या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमची हलकी एक्सएफसीई आवृत्ती पेनड्राइव्हवरून चालवून बघतो. डिस्कला धक्का न लावता सगळं तपासता येतं.

आणि इतरांना एवढं बोललो, तर माझंही ऐका. घरच्या जुन्या डेस्कटॉपवर एके दिवशी एकही साइट उघडेना. जिथे जावं तिथे "कनेक्शन सुरक्षित नाही". दोन संध्याकाळी मी त्यात घातल्या. मग सहज कोपऱ्यातल्या घड्याळाकडे नजर गेली. संगणक २००९ सालात बसला होता. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणारी मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी संपली होती, आणि २००९ मध्ये असलेल्या यंत्राला आजची सुरक्षा प्रमाणपत्रं कशी पटणार? नाण्याएवढी बॅटरी बदलली, तारीख घातली, साइट उघडल्या. तोवर मी ब्राउझर तीनदा टाकला होता, राउटर रिसेट केला होता, आणि फॉरमॅट मारायला पेनड्राइव्हही तयार करून ठेवला होता.