पुढच्या साथीआधी: यकृत प्रत्यारोपण झालेल्या घराची तयारी

सगळ्यात आधी एक कागद तयार करा. त्यावर प्रत्यारोपणाची तारीख, प्रत्येक औषधाचं मूळ नाव, किती मिलिग्रॅम, किती वाजता, शेवटची टॅक्रोलिमस लेव्हल (शरीराने नवं यकृत नाकारू नये म्हणून घ्यायच्या मुख्य गोळीचं रक्तातलं प्रमाण), शेवटचं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) आणि प्रत्यारोपण को-ऑर्डिनेटरचा फोन नंबर, सगळं एकाच पानावर, ठळक अक्षरांत. करोनाच्या वेळी आमच्याकडे हा कागद नव्हता. मला वॉर्डाच्या दाराशीच थांबवलं, आणि धाप लागलेल्या माझ्या नवऱ्याला एकेका गोळीचं नाव आठवून सांगावं लागलं. आता त्याची एक प्रत त्यांच्या पाकिटात असते, एक औषधांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलेली आहे आणि फोटो माझ्या फोनमध्ये आहे.

गोळ्या किमान महिनाभराच्या जास्तीच्या असू द्या, आणि शक्यतो नेहमीच्याच कंपनीच्या. कंपनी बदलावी लागली तर आधी डॉक्टरांना सांगा, कारण लेव्हल पुन्हा तपासावी लागते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. संसर्ग झाला की घरातलं कुणीतरी म्हणतंच, ‘या गोळ्या प्रतिकारशक्ती कमी करतात ना, मग थांबवू या.’ स्वतःच्या मनाने एकही गोळी थांबवू नका. रिजेक्शन, म्हणजे शरीराने नवं यकृत नाकारणं, सुरू झालं तर विषाणूशी आणि रिजेक्शनशी एकाच वेळी लढावं लागतं. मायकोफेनोलेट हे प्रतिकारशक्ती दाबणारं दुसरं औषध काही दिवस कमी करायचं की नाही, हे प्रत्यारोपणाची टीम ठरवते; टॅक्रोलिमस बहुतेकदा चालूच ठेवतात. या बाबतीत एक गोष्ट मला फार धीर देऊन गेली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात करोना झालेल्या १५१ यकृत प्रत्यारोपित रुग्णांची प्रत्यारोपण न झालेल्या रुग्णांशी तुलना केली होती. निव्वळ प्रत्यारोपणामुळे मृत्यूचा धोका वाढलेला दिसला नाही. धोका वाढवत होते ते वाढलेलं वय, चढलेलं क्रिएटिनिन आणि यकृताबाहेरचा कॅन्सर. म्हणून किडनी, साखर आणि रक्तदाब आत्ताच ताळ्यावर आणा.

नवं औषध लिहून दिलं की ‘टॅक्रोलिमससोबत चालेल का?’ हा प्रश्न विचारल्याशिवाय पहिली गोळी घेऊ नका. करोनावरच्या पॅक्सलोविड या गोळ्यांमधलं रिटोनाविर टॅक्रोलिमस मोडून टाकणाऱ्या एन्झाइमलाच अडवतं. नेहमीचा डोस तसाच चालू राहिला तर लेव्हल काही दिवसांत कित्येक पटींनी चढते, हात थरथरू लागतात, किडनीला मार बसतो. करोनावरच्याच रेमडेसिव्हिरची ही अडचण नाही. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक आणि बुरशीवरचं फ्लुकोनाझोलही लेव्हल चढवतात, तर क्षयावरचं रिफॅम्पिसिन ती खाली पाडतं. तापाला पॅरासिटामॉल, तेही टीमने ठरवून दिलेल्या मर्यादेतच. आयबुप्रोफेन ही वेदनाशामक गोळी मात्र घरातूनच काढून टाका.

लेव्हलसाठी रक्त सकाळचा डोस घेण्याआधी द्यायचं असतं. हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरीही नऊचा गजर वाजतो, हात सवयीने डब्याकडे जातो आणि त्या दिवशीची लेव्हल वाया जाते. तपासणीच्या आदल्या रात्री सकाळचा कप्पा रबरबँडने बांधून ठेवा. बाह्यरुग्ण विभाग बंद झालाच, तर घरी येऊन रक्त नेणारी लॅब कोणती आणि रिपोर्ट कुठल्या नंबरवर पाठवायचा, हे आजच विचारून घ्या.

ताप येण्याची वाट पाहू नका; या गोळ्यांवर असलेल्यांना तो कधी कधी उशिरा येतो किंवा येतच नाही. जुलाब, खोकला, नेहमीपेक्षा जास्त थकवा जाणवला की त्याच दिवशी चाचणी करा. जुलाबात टॅक्रोलिमसची लेव्हल वाढू शकते आणि शरीरातलं पाणीही जातं, म्हणून फोन लगेच करा. ऑक्सिमीटरचा आकडा दिवसातून दोनदा वहीत लिहा. ९४ च्या खाली गेला तर वाट पाहत थांबू नका, लगेच रुग्णालय गाठा.

लसीचं म्हणाल, तर करोना लसीच्या दोन डोसांनंतरही अनेक प्रत्यारोपित रुग्णांच्या शरीरात पुरेशी प्रतिपिंडं तयार झाली नव्हती. ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेत अशा रुग्णांसाठी तिसऱ्या डोसाला परवानगी मिळाली, ती याच कारणाने. जिवंत विषाणूची लस सहसा टाळतात, तेव्हा लस कुठल्या प्रकारची आहे ते विचारा. घरातल्या बाकीच्यांच्या लसी आधी पूर्ण करा. बरं वाटू लागल्यावरही रुग्णाचा मास्क आणि वेगळी खोली लगेच सोडू नका. प्रतिकारशक्ती दबलेल्या शरीरातून विषाणू इतरांपेक्षा जास्त दिवस बाहेर पडत राहू शकतो. विलगीकरण कधी संपवायचं, ते टीमला विचारूनच ठरवा.