घरासकट सेवेत: पूर्णवेळ सेवेला निघण्याआधी कुटुंबाने तयारी कशी करावी

पुण्यातल्या जवळजवळ प्रत्येक मराठी ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, असा एखादा भाऊ असतो. आठवडाभर चाकणला नाहीतर हिंजवडीत नोकरी, शनिवारी तरुण संघ, रविवारी संडे स्कूल, आणि पाळकसाहेब बाहेरगावी गेले की उपदेश. मग एक दिवस तो साक्ष देताना सांगतो, "प्रभू मला पूर्णवेळ सेवेत बोलावतोय." वडीलधारी मंडळी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात, बहिणींचे डोळे भरून येतात. त्याच्या बायकोच्या मनात त्या वेळी काय चाललंय, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, एकाला होतं, पण सेवेत अख्खं घर जातं. पगार थांबतो तो सगळ्यांचा. रात्री अकराला फोन वाजतो तेव्हा झोपमोडही सगळ्यांची होते. आम्ही दोघं या वाटेने गेलो आणि आमच्यामागून निघालेली काही घरंही मी जवळून पाहिली. जिथे तयारी घरात सुरू झाली तिथे सेवा टिकली, असा माझा अनुभव आहे. पुढचं सगळं मुख्यतः प्रॉटेस्टंट घरांसाठी आहे. कॅथलिक धर्मगुरू अविवाहित असतात, त्यांची वाट वेगळी.

पहिली पायरी: दोघांनी बोलणं

कन्व्हेन्शन किंवा उपवास-प्रार्थनेहून परतल्या परतल्या हा विषय काढू नका. त्या रात्री मन भारलेलं असतं, आणि समोरच्या माणसाला "नको" म्हणणं म्हणजे देवालाच नको म्हटल्यासारखं वाटतं. चार-आठ दिवस जाऊ द्या. मग मुलं झोपल्यावर बसा आणि एवढंच विचारा, "तुला कशाची भीती वाटते?" उत्तर पुरतं ऐकून होईपर्यंत बायबलमधलं वचन काढायचं नाही. मुलांच्या फीची काळजी वाटणारीचा विश्वास कमी आहे, असं मुळीच नाही. बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, हे लूकच्या १४ व्या अध्यायात येशूनेच सांगितलंय.

जोडीदाराचा होकार मनापासून नसेल तर थांबा. बऱ्याच जणांना हे पटणार नाही, पण माझं मत पक्कं आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायात, पौल विचारतो की ज्याला स्वतःचं घर सांभाळता येत नाही तो देवाची मंडळी कशी सांभाळणार. घरातलं माणूस तयार होईपर्यंत थांबणं हाही आज्ञापालनाचाच भाग आहे.

दुसरी पायरी: मंडळीत वर्षभर काम करून पाहणं

आता पाळकसाहेबांशी आणि पंचांशी, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्यांशी, बोला. जाहीर साक्ष अजून नको. त्यांना सांगा, नोकरी सांभाळून वर्षभर मला काम द्या, आणि ते फक्त उपदेशाचं नको. व्यासपीठ हा सेवेचा सगळ्यात लहान भाग. ससूनच्या वॉर्डात रात्री कुणाच्या उशाशी बसणं, अंत्यविधीची धावपळ, दोन भावांतला जागेचा वाद ऐकून घेणं, दारू सुटत नाही म्हणून रडणाऱ्या माणसाकडे पुन्हा पुन्हा जाणं, सेवेचा बहुतेक वेळ यातच जातो. शक्य तिथे दोघांनी मिळून जा. वर्षाच्या शेवटी पंचांना स्पष्ट विचारा: सेवेसाठी लागणारी देवाची देणगी आमच्यात तुम्हाला दिसते का? "प्रार्थना करतो" असं उत्तर मिळालं तर तेही नीट ऐका.

तिसरी पायरी: आई-वडील

माझे सासरे खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त झाले. त्यांच्या पिढीने अहमदनगरकडच्या खेड्यांतून पुण्याला येऊन पर्मनंट नोकरी मिळवली, तिच्यावर भावंडं शिकवली. त्यांना मुलाचा राजीनामा म्हणजे घराचा पाया काढून घेतल्यासारखं वाटणारच. "अरे, सेवा आम्ही नाही का केली? नोकरी करूनच केली ना?" हा प्रश्न खरा आहे, त्याला विरोध समजू नका. त्यांना तुमचा हिशेब दाखवा. औषधांचा खर्च पुढे कसा भागेल, बहिणीच्या लग्नात तुमचा वाटा किती, हे आकड्यांत सांगा. सासरे गप्प झाले ते वही बघून. नंतर प्रार्थना त्यांनीच केली.

चौथी पायरी: पैसा

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे, कारण सेवेतली घरं मोडताना मी पाहिली ती बहुतेक याच जागी.

आधी मंडळी काय देणार हे विचारा, आणि ते कागदावर घ्या. मानधन किती, कोणत्या तारखेला? राहायला जागा मिळणार की भाडं? वीज, पेट्रोल, फोन कुणाकडे? आजारपण, सुट्टी, भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तीचं काय? देवाच्या कामाचा करार कसला, असं एखादे वडील म्हणतील. त्यांना नम्रपणे सांगा की लिहिलेलं असलं म्हणजे कुणाच्या मनात कुणाविषयी किल्मिष राहत नाही. मंडळी सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असेल तर तिला हिशेब ठेवावेच लागतात. तुमचं मानधन त्याच हिशेबात दिसू द्या.

आता घरातली परीक्षा. पगार चालू असतानाच सहा महिने ठरलेल्या मानधनात जगा. उरलेला पगार वेगळ्या खात्यात टाका, त्याला हात लावू नका. एक वही करा: डाव्या पानावर आजचा खर्च, उजव्या पानावर नव्या आमदनीतला. भाडं, दूध, गॅस, शाळेची व्हॅन, दशांश. हो, दशांशही, म्हणजे मंडळीला द्यायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा; मानधनाचाही दशांश द्यायचा असतो. आमच्या उजव्या पानावर सगळ्यात झपाट्याने वाढलेली ओळ होती चहा-साखर. घरी येणारं माणूस चहा घेतल्याशिवाय जात नाही, आणि जाऊ देऊही नये. तेव्हा ती ओळ पहिल्यापासून धरा.

कर्ज असेल तर राजीनाम्याआधी मिटवा किंवा हप्ता झेपेल इतका खाली आणा. सॅलरी स्लिप बंद झाली की बँक नवं कर्ज सहज देत नाही.

नोकरीशी बांधलेल्या गोष्टी एकेक करून तपासा. ग्रॅच्युइटीसाठी सहसा ५ वर्षांची सलग सेवा लागते. ईपीएसची, म्हणजे पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेची, पेन्शन मिळायला १० वर्षांची सेवा लागते आणि ती ५८ व्या वर्षापासून सुरू होते. नऊ वर्षं झाली असतील तर आणखी एक वर्ष थांबण्याचा विचार जरूर करा. पीएफ काढून घेऊ नका, तो तुमच्या म्हातारपणाचा आहे. कंपनीचा ग्रुप आरोग्यविमा नोकरीबरोबर संपतो. नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांना ३ वर्षांपर्यंत प्रतीक्षा असू शकते, म्हणून घराची स्वतंत्र पॉलिसी नोकरीत असतानाच घ्या. घरात कुणाला मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर हे काम आजच करा.

लोक प्रेमाने पाकीट हातात ठेवतील. ते कृतज्ञतेने घ्या आणि वहीत लिहा. नातेवाईक नसलेल्या लोकांकडून वर्षभरात मिळालेल्या भेटी मिळून ५०,००० रुपयांच्या वर गेल्या तर ती सगळी रक्कम करपात्र होते, आणि सेवेबद्दल म्हणून मिळालेलं मानधन तर उत्पन्नच असतं. एखादी परदेशी संस्था "तुमच्या सेवेला मदत करतो" म्हणाली तर पैसे स्वतःच्या खात्यात कधीही घेऊ नका. असा निधी एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेतूनच, तिच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या खात्यात यावा लागतो.

"मग विश्वासाने चालणं कुठे गेलं?" असं कुणी विचारलं की मी पंडिता रमाबाईंकडे बोट दाखवते. विश्वासाने जगलेल्या माणसाचं याहून मोठं उदाहरण आपल्याकडे नाही. विधवांसाठीचं त्यांचं शारदा सदन १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी पुण्यात आलं. अमेरिकेतल्या साहाय्यक मंडळाने १० वर्षांपुरतं पाठबळ कबूल केलं होतं. ती मुदत संपल्यावर काय, याचा विचार रमाबाईंनी आधीच केला: केडगावला जमीन घेतली, फळझाडं लावली, विहिरी खणल्या. पुढे निराधार बायका-मुलींसाठीचं त्यांचं मुक्ती मिशन त्याच जमिनीवर उभं राहिलं. पुण्याहून दौंडच्या गाडीने केडगाव फार लांब नाही. सेवेला निघण्याआधी दोघांनी एकदा तिथे जाऊन या.

आणखी एक प्रश्न आहे, तो कुणी तोंडावर आणत नाही. सेवक अचानक गेला तर मंडळीच्या घरात राहणारी त्याची बायको-मुलं कुठे जाणार? कवी आणि ख्रिस्ती सेवक नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि १९१९ मध्ये ते गेले. मागे पत्नी लक्ष्मीबाई उरल्या. त्या खंबीर होत्या, पण प्रत्येक घरात लक्ष्मीबाई असतेच असं नाही. म्हणून मुदतीचा विमा घ्या, आणि जमेल तेव्हा, जमेल तिथे स्वतःचं छोटं का होईना छप्पर करा. पुणे शहरात जमलं नाही तर गावी करा. मंडळीचं घर कितीही मोठं असलं तरी ते आपलं नसतं.

पाचवी पायरी: शिक्षण

शिकायला जाण्याआधी विचारा की तुमची मंडळी कोणती पदवी मानते. सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) उमेदवार धर्मप्रांताने पाठवावा लागतो, मग डीकन, मग प्रेस्बिटर म्हणजे पूर्ण दीक्षित पाळक, असा क्रम असतो. स्वतंत्र मंडळ्यांचे नियम वेगवेगळे. बिबवेवाडीची युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये यवतमाळहून पुण्यात आली. तिथे सेरामपूरच्या सेनेटशी, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या पदव्या देणाऱ्या संस्थेशी, जोडलेलं शिक्षण मिळतं, तेही इंग्रजीतून. मराठी माध्यमात शिकलेल्यांनी आधीचं वर्ष इंग्रजी वाचनाला द्यावं. पदवीनंतरची बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) साधारण चार वर्षांची असते. ही चार वर्षं घर कशावर चालणार, हेही त्याच वहीत लिहा. नोकरी लगेच सोडता येत नसेल तर सेरामपूरचे पत्रद्वारा अभ्यासक्रमही आहेत. मी बायकांना आवर्जून सांगते: तुम्हीही काहीतरी शिका, निदान समुपदेशनाचा छोटा अभ्यासक्रम. मंडळीतल्या बहिणी मन मोकळं करायला तुमच्याकडेच येणार आहेत.

सहावी पायरी: राजीनामा

नोटीस पिरियड पूर्ण करा, काम नीट हातात देऊन निघा. शाळा जूनमध्ये सुरू होते. मुलांची शाळा बदलणार असेल तर तारीख त्याप्रमाणे धरा. आणि बायकोची नोकरी चांगली चालू असेल तर ती सोडायची घाई अजिबात करू नका. "पास्टरांची बायको नोकरी कशी करते?" असं विचारणारे निघतील. त्यांना बायबलमधल्या प्रिस्किल्लाची आठवण द्या. करिंथमध्ये ती आणि तिचा नवरा अक्विल्ला तंबू बनवायचे, पौल त्यांच्याच घरी राहून तेच काम करायचा. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायात ते सगळं आहे.

सातवी पायरी: पहिल्या वर्षाचं घर

दोन खोल्यांच्या घरात हॉल हेच ऑफिस होतं. एखादी बहीण नवऱ्याच्या मारहाणीचं सांगत रडतेय आणि पडद्यामागे मुलगी गणितं सोडवतेय, असं होऊ देऊ नका. त्या बहिणीचा मान जातो, आणि मुलीच्या मनावर नको ते ओझं येतं. अशा भेटींसाठी देवळातली एखादी खोली मागून घ्या, वेळ ठरवा, आणि पुरुष सेवकाने बहिणीशी बोलताना बायको किंवा मंडळीतली एखादी ज्येष्ठ बाई सोबत असू द्या.

कौटुंबिक प्रार्थना वेगळी ठेवा. रविवारच्या उपदेशाची तालीम घरातल्यांवर नको. एक गीत, मुलांनी निवडलेला शास्त्रभाग, प्रत्येकाची एकेक विनंती, बस. बाबा दिवसभर सगळ्यांसाठी प्रार्थना करतात पण माझ्या परीक्षेसाठी करतात की नाही, हे मुलाला स्वतःच्या कानांनी ऐकू येऊ दे.

आठवड्याचा एक दिवस सुट्टी घ्या. सोमवार बरा. पंचांना आधीच सांगा, त्या दिवशी निकडीचा फोन कुणी घ्यायचा तेही ठरवा. मुलांना "पास्टरांची मुलं असून..." हे वाक्य कुणाला बोलू देऊ नका, बोललंच तर तुम्ही मुलांच्या बाजूने उभे राहा. त्यांना आगाऊपणा करायचा, पहिल्या बाकावर न बसायचा, कधी कंटाळा आला म्हणायचा हक्क आहे.

नाताळचं आधीच ठरवा. डिसेंबरभर गीतं गात घरोघर फिरणं, चोवीसची रात्र, पंचवीसची उपासना, मग भेटायला येणारी माणसं. सेवकाच्या घरात करंज्या तळल्या जातात त्या दुसऱ्यांच्या ताटांसाठी. आम्ही आमचा नाताळ २६ तारखेला करतो. त्या दिवशी दार लावलेलं असतं, मटण घरचं असतं, आणि मुलांच्या भेटवस्तू तेव्हाच उघडतात. मंडळीला आता ते माहीत आहे, त्या दिवशी कुणी येत नाही.

बायकोला मंडळीबाहेरची एक तरी मैत्रीण हवी, जिच्याशी मंडळीतल्या कुणाचं नाव न घेता मनातलं बोलता येईल. नवऱ्यालाही दुसऱ्या मंडळीतला एखादा वयस्क पाळक हवा, "तू थकलायस" असं तोंडावर सांगणारा.

दरवर्षी एकदा

वर्षातला एक दिवस ठरवून दोघांनी वही घेऊन बसा, मुलं मोठी असतील तर त्यांनाही बसवा. उधारी वाढलीय का? घरातलं कुणी गप्प झालंय का? मानधन कधी वाढलं होतं? हे पंचांसमोरही ठेवा, न लाजता. आणि कधी दिसलंच की घर झेपत नाहीये, तर अर्धवेळ नोकरी धरून सेवा करा; पौलाने केलं ते आपण करण्यात कमीपणा कसला? अशा बैठकीला तुमच्या ओळखीचं सेवेतलं दुसरं एखादं जोडपंही बोलवा. त्यांना जेवायला ठेवा, आणि त्यांचीही वही बघायला मागा.